विधवेची ओसरी आणि तहसीलचं कपाट

"मांगच्या साली ते पोरगी आली होती ना माय, तिचं झालं का पुरं?"

२००७ चा उन्हाळा होता. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुटीत, बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांना गावं दाखवायचं काम करत होते. दिवसाचे दीडशे रुपये, वर जेवण. त्या दिवशी माझ्यासोबत दिल्लीहून आलेली एक संशोधक होती आणि तिच्या हातात बावीस पानांची प्रश्नावली. घरधनीण दारात उभी. तिच्या नवऱ्यानं आदल्या वर्षी पोळा झाल्यावर फवारणीचं औषध घेतलं होतं. तिच्याकडे येणारे आम्ही पाचवे की सहावे होतो. 'पुरं' म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा सुचलं नाही. 'झालं असंल' म्हणून मी वेळ मारून नेली. तिनं चुलीवर चहा ठेवला आणि आम्ही विचारायच्या आधीच सांगायला लागली. क्रम पाठ झाला होता तिला. जमीन किती, कर्ज कुणाचं, त्या दिवशी सकाळी तो काय बोलला, डबा कुठे सापडला.

मी पुढे वकील झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आता बरीच वर्षं काढली आहेत. गुन्हे, मानवी हक्क, कायदा आणि समाज यांवर काम करणारे अभ्यासक आजही येतात, बार रूममध्ये बसतात, माझ्याकडून 'केस' मागतात. बहुतेक सगळे मनानं चांगले असतात. तरी इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालं आहे की आमच्या भागात हे संशोधन चुकीच्या दारात उभं आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या ओसरीवर त्याची गर्दी आहे, आणि अन्यायाचा कागद जिथे तयार होतो, त्या ठाण्यातल्या मुन्शीच्या टेबलाकडे, तहसीलच्या कपाटाकडे, कोर्टाच्या रेकॉर्ड रूमकडे कुणी फारसं फिरकत नाही.

आमच्याच विदर्भातलं एक उदाहरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं. तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा होता, गडचिरोली वेगळा व्हायला अजून दहा वर्षं होती. अल्पवयीन आदिवासी मुलगी, आणि ठाण्याच्या आत दोन पोलीस. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा तो हिशेब. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढे देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात संमती नव्हती असं बाईनं सांगितलं तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं ठरलं.

त्या पत्राची ताकद कशात होती? त्या मुलीची नवी कहाणी त्यात नव्हती. चार माणसांनी एक निकालपत्र ओळ न् ओळ वाचलं. संमती आणि शरणागती यांत फरक असतो, तो न्यायमूर्तींच्या लिखाणात कुठे पुसला गेला, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्यांच्या प्रश्नांचा रोख न्यायालयाकडे होता. मुलीकडे नव्हता. तिला तोवर पुरेसं विचारून झालंच होतं, तेही ठाण्यात, डॉक्टरकडे आणि साक्षीच्या पिंजऱ्यात.

इथे एक आडवळण घेते. त्याच १९८३ च्या दुरुस्तीनं पीडितेचं नाव छापायला बंदी आली. आता ती न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. पण तो खटला आजही वर्गात, परीक्षेत, प्रबंधात तिच्याच नावानं ओळखला जातो. निकालाच्या शीर्षकात नाव आहे ते एका आरोपी पोलिसाचं. शीर्षक कुणाच्या लक्षात नाही, नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी. मी ते इथे लिहीत नाही.

उलटं उदाहरणही आमच्याच मातीतलं आहे. इंग्रजांच्या काळात हा सगळा मुलूख मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. त्या काळचे 'गुन्हा आणि समाज' यांचे अभ्यासक म्हणजे साहेब लोक आणि त्यांचे हाताखालचे अधिकारी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार जाडजूड खंड काढले, १९१६ मध्ये. मेहनत अफाट. पण त्या पिढीच्या लेखणीत अमुक जमातीचा धंदा शेती, तमुकीचा विणकाम आणि आणखी कुणाचा चोरी, असं लिहायला कुणाचा हात थरथरत नव्हता. पाठीशी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होताच. निरीक्षणातून नोंद, नोंदीतून यादी, यादीतून ठाण्यातली हजेरी. कायदा १९५२ मध्ये गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या आणि लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आजही आमच्याकडे रात्री कुणाचे बैल गेले, कापसाच्या गंजीला आग लागली, की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जाते. ठाण्यातल्या कुणीही रसेलसाहेबाचं नाव ऐकलेलं नाही. ऐकायची गरजही नाही, ते वळण हाडात मुरलं आहे.

म्हणून 'पारधी समाज आणि गुन्हेगारी' अशा धर्तीचा विषय घेऊन कुणी बार रूममध्ये आलं की माझं डोकं फिरतं. विषय उलटा धर ना बाबा. अमुक ठाण्यात दहा वर्षांत चोरीच्या संशयावरून किती पारधी उचलले, त्यांतल्या किती जणांवर दोषारोपपत्र गेलं, किती सुटले, सुटायला किती वर्षं लागली, तेवढ्या काळात जामीनदार मिळाला का. हे सगळं कागदावर आहे. त्यासाठी बेड्यावर जाऊन कुणाच्या म्हातारीला 'तुमच्या समाजात पूर्वी...' असं विचारावं लागत नाही.

आता शेतकरी आत्महत्या. याबाबत मी अन्याय करणार नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची माणसं घरोघरी गेली, पुढच्या वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अभ्यास आला. तेव्हा घरोघरी जाणं गरजेचंच होतं. 'दारू पिऊन मेला', 'घरात भांडण होतं' असं म्हणून मोकळं होणाऱ्या सरकारपुढे पुरावा ठेवायचा होता आणि तो ठेवला गेला. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. त्यानंतर मात्र तीच प्रश्नावली फिरत राहिली. कापूस, कर्ज, पाऊस, सावकार. निष्कर्षही तेच. मी दीडशे रुपये रोजावर जे ऐकलं, ते आज नव्या प्रबंधात नव्या तक्त्यात वाचते.

या काळात ज्या जागी खरा निवाडा होत होता, ती जागा ओसरी नव्हती. २००६ पासून मृताच्या कुटुंबाला मदत ठरली एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ती मिळणार की नाही हे एका शब्दावर ठरतं: पात्र किंवा अपात्र. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, वसुलीचा तगादा होता की नाही. तलाठ्याचा अहवाल, ठाण्याचा अहवाल, शवविच्छेदन, तहसीलदाराचा शेरा, मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती. मक्त्यानं शेत करणारा तोंडी व्यवहारावर जगतो, सातबाऱ्यात त्याचं नाव नाही. बिगरपरवान्याचा सावकार चिठ्ठी देत नाही, दिली तर फाडून टाकतो. असा माणूस मेला की कागदोपत्री त्याला ना शेत होतं ना कर्ज. अपात्र. एका विधवेचं असं पत्र माझ्या फायलीत आहे. छापील नमुना, रिकाम्या जागेत नाव आणि गाव हातानं भरलेलं, आणि कारणाच्या ओळीत चार शब्द: 'निकषात बसत नसल्याने अपात्र'. कुठल्या निकषात, ते नाही. ती बाई वाचू शकत नव्हती. तिला पोरानं वाचून दाखवलं, तेव्हा तिला वाटलं की आपला नवरा शेतकरीच नव्हता असं सरकारचं म्हणणं आहे. एका अर्थानं बरोबरच समजली ती.

एका तालुक्याच्या वीस वर्षांच्या अपात्र फायली कुणी मांडून बसला, तर शासनाच्या लेखी 'शेतकरी' म्हणजे कोण हे समजेल. तेच ठाण्यातल्या मर्ग रजिस्टरचं. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि 'व्यवसाय' नावाचा एक रकाना भरला जातो. तो भरतो मुन्शी, रात्री अकरा वाजता, घाईत. बाई जन्मभर निंदण-खुरपण करून, कापूस वेचून मेली तरी त्या रकान्यात 'घरकाम' पडतं. पुढे तोच रकाना राज्याच्या आणि मग राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यात जातो. २०१४ पासून त्या आकडेवारीत शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले जातात. मोठ्या विद्यापीठांत त्यावर बरीच चर्चा झाली. पण मुन्शीशेजारी स्टूल टाकून तो रकाना कसा भरतात हे पाहणारा संशोधक मी अजून पाहिला नाही. हे वाक्य वाचून कुणी चिडून मला खोटं ठरवलं, तर मला आनंदच होईल.

खैरलांजीचंही तेच. २९ सप्टेंबर २००६, मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा. दलित भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. सत्यशोधन समित्या येऊन गेल्या, अहवाल निघाले, पुस्तकं झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं सगळ्यांना पंचवीस वर्षांची कैद केली. पण ॲट्रॉसिटी कायदा काही लागला नाही, खाली नाही आणि वरही नाही. एवढं होऊनही हा जातीय अत्याचार नव्हता असं कागद म्हणाला. हे कसं घडतं, ते मला रोजच्या कामात दिसतं. पहिल्याच जबाबात जातीवाचक शब्द लिहिला गेला नाही, की पुढे तो 'नंतर सुचलेला' ठरतो. जातीचा दाखला तपासाच्या फायलीत वेळेवर लागत नाही. तपास उपअधीक्षकानं करायचा असतो, जबाब मात्र घेतो जमादार. आणि शेवटी 'ब समरी', म्हणजे फिर्यादच खोटी. एका जिल्ह्यातल्या 'ब समरी' झालेल्या ॲट्रॉसिटी प्रकरणांचा कुणी सलग अभ्यास केला, तर तो शंभर मुलाखतींना भारी पडेल. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसायला हवं. ती बसली का, इतिवृत्तात काय लिहिलं, हे विचारायला ना पीएच.डी. लागते ना प्रवासभत्ता.

आता ज्या गोष्टीनं मला झोप लागत नाही, ती सांगते. संशोधक संमतिपत्र काढतो: 'तुमची माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल.' बाई अंगठा देते. हे वचन तो कशाच्या जोरावर देतो? माझ्या पक्षकारानं मला सांगितलेलं कायदा जपतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते होतं आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातही आहे. संशोधकाला असं कुठलंही कवच नाही. उद्या तपास अधिकाऱ्यानं रेकॉर्डिंग मागितलं, न्यायालयानं समन्स काढलं, तर ते द्यावं लागेल. दुसरं म्हणजे पॉक्सो. लहान मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कुणालाही कळली, तर ती पोलिसांना देणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे, न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा. बालविवाहाचा अभ्यास करणारी मुलगी एका घरात बसते. सतरा वर्षांची सून चौथ्या महिन्यात आहे. सासू विश्वासानं सगळं सांगते, कारण कागदावर 'गुप्त' लिहिलं आहे. आता त्या अभ्यासक मुलीनं काय करायचं? ठाण्यात सांगितलं तर वचन मोडलं, नाही सांगितलं तर गुन्हा. मी हे एका कार्यशाळेत विचारलं तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, "आमच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे." कमिटी शहरात, सून इथे.

गडचिरोलीच्या दक्षिणेला तर हा प्रश्न आणखी धारदार होतो. तिथे कुणाशी बोललात हे पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्हीकडून पाहिलं जात आलं आहे आणि अभ्यासक निघून गेल्यावर बोलणारा तिथेच राहतो. निदान एवढं तरी खरं सांगावं: मला जमेल तेवढं लपवीन, पण कायद्यानं मागितलं तर मी हतबल आहे. हे ऐकून अर्धी माणसं बोलणार नाहीत. नाही बोलली तर नाही बोलली.

माझ्या या सगळ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. नागपूरच्या एका प्राध्यापक मैत्रिणीनं तोंडावर सांगितलं: "कागद सरकारचाच असतो. तू आम्हाला पोलिसांची भाषा वाचायला लावतेस. त्या भाषेत ती बाई कुठेच नसते. ओसरीवर गेलो नाही तर तिला आवाज कोण देणार?" कागद खोटा असतो हे मला तिनं सांगायची गरज नव्हती, मी त्याच्यावरच पोट भरते. पण तो खोटेपणा हाच तर अभ्यासाचा विषय आहे. तो पकडायला बाईकडे जावं लागेल, मान्य. पण तिचा जबाब हातात घेऊन जा, वाचून दाखव आणि विचार, 'हे तू असं म्हणाली होतीस का?' मी हे केलं आहे. एका बाईला तिचाच जबाब वाचून दाखवला तर ती म्हणाली, "हे मी कवा बोल्ली?" त्या एका वाक्यावर अख्खी उलटतपासणी उभी राहिली. बावीस पानांच्या प्रश्नावलीत असा प्रश्न नसतो. आणि 'आवाज देणं' हा शब्दप्रयोग मला सोसत नाही. आवाज आहे तिला. पोहोचत नाही तो तहसीलच्या खिडकीपर्यंत.

दुसरी सबब खरी आहे: कागद मिळत नाहीत. बाई चहा देते, कचेरी तारीख देते. प्रबंधाला मुदत असते, मग माणूस सोप्या दारातून आत जातो. यात अभ्यासकाचा दोष थोडा आणि पद्धतीचा जास्त. पण मग गुन्हेशास्त्राचे, कायद्याचे विभाग आहेत कशाला? नागपुरात राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, अमरावतीचं तर जुनंच. एकेका मुलानं माहितीच्या अधिकाराचा एकेक अर्ज केला, तर कुणावरच भार येणार नाही. पुढच्या वर्षीच्या मुलानं अपील चालवावं. दहा वर्षांत एका तालुक्याचं रेकॉर्ड उभं राहील. पण विभागाला असा दहा वर्षांचा विषय नको असतो, त्याला दरवर्षी नवं शीर्षक हवं.

गावानं स्वतः अभ्यास करायची रीत आमच्याकडे नाही असंही नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावात बाहेरच्या संशोधकाची वाट पाहत कुणी बसलं नव्हतं. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं अभ्यास गट चालवले. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं, त्याआधी अभ्यास, आणि त्या अभ्यासात बाहेरचा माणूस आला तर तो गावाच्या प्रश्नाला मदत करायला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी आणखी दोन वर्षं झगडावं लागलं. कायदा कळलेल्या माणसांनी कायद्याचा कागद वन खात्यासमोर धरला होता. प्रत्येक गाव मेंढा नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या तालुक्यात ग्रामसभेला कोरम भरत नाही. तरी निदान लिहिलेलं मराठीत गावात परत यावं, एवढं तरी मागता येईल की नाही? विदर्भावरचे प्रबंध इंग्रजीत, संकेतस्थळावर ठेवलेले. ज्या घरातली गोष्ट त्यात आहे, त्या घरातल्या दहावी झालेल्या पोराला त्याचा एक परिच्छेदही उमगत नाही.

यंदा मात्र एक मुलगी आली. विधी शाखेची, वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातली. मी तिला कुणाच्याही घरी नेलं नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते दाखवलं: तालुक्यातली अपात्र प्रकरणं, मागची दहा वर्षं, नावं काळी करून, फक्त कारणांच्या प्रती. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीला मीही सोबत गेले. अधिकारी सभ्य होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, पंखा वाढवायला सांगितलं आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, "बेटा, या जुन्या फायलींत काय ठेवलंय? अभ्यासच करायचा आहे ना तुला?" मग मोबाईल काढून चाळत म्हणाले, "घे, लिहून घे. दोन-तीन विधवांचे नंबर देतो."